ईपीएसचं पेन्शन टिकेल का?

प्रश्न : वय ५२, खासगी कारखान्यात नोकरी. कर्मचारी पेन्शन योजनेचा (ईपीएस) निधी आटला तर माझ्या पेन्शनचं काय?

उत्तर : लगेच घाबरू नका, पण चिंता अनाठायी नाही. २०१४ पासूनच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मालक ८.३३ टक्के, म्हणजे महिना जेमतेम १,२५० रुपये भरतो, केंद्र १.१६ टक्के घालतं. पेन्शन मात्र हयातभर, पुढे जोडीदारालाही. आयुर्मान वाढलं की तोंडमिळवणी अवघड होते. उपाय तीनच : वर्गणी वाढवणं, पेन्शनचं वय पुढे नेणं किंवा सरकारनं जास्त भार उचलणं. १,००० रुपयांचं किमान पेन्शन वाढवायचं, तरी हाच हिशेब.

तुमच्या हाती एवढंच : ५८ आधी पेन्शन घेऊ नका, दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात. पीएफलाही हात लावू नका.