बेस गिटारची घोडी

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमींत आमच्या वाद्यवृंदांतील एका विद्यार्थ्यास आम्हीं सर्वांदेखत बेसूर ठरविलें. मोकळ्या तारा तो नीट लावी. परंतु हात उंच स्वरांकडे सरकला कीं त्याची बेस गिटार इतर वाद्यांशीं भांडूं लागे. बिचाऱ्यानें आठवडाभर अधिक मेहनत केली, तरी भांडण मिटेना. शेवटीं वाद्य मेजावर ठेवून पाहिलें, तेव्हां कळलें कीं दोष मुलाच्या बोटांत नव्हताच. तो घोडींत होता. आम्हीं त्याची क्षमा मागितली. पालकांपैकीं कित्येकांनीं मुलांस हें वाद्य घेऊन दिलें आहे, म्हणून तें प्रकरण येथें मांडीत आहों.

उभ्या मोठ्या बेसला पडदे नसतात. बोट केसभर चुकलें तर वादक कानानें ऐकून तें सरकवितो. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर ह्यांनीं पडद्यांची विजेची बेस गिटार विक्रीस आणिली व तिचें नांव 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता, असें ठेविलें. पडद्यामुळें बोट चुकत नाहीं हें खरें. पण पडद्यावरचा स्वरच चुकीचा निघूं लागला, तर बोटास तो सहसा सुधारतां येत नाहीं. सगळा भार घोडीवर पडतो. त्या पहिल्या वाद्यांत दोन तारांस मिळून एकच आधार होता. एक तार सुधारावी तर दुसरी बिघडे. १९५७ सालीं प्रत्येक तारेस स्वतंत्र आधार मिळाला. ह्या आधारास इंग्रजींत 'सॅडल', म्हणजे खोगीर, म्हणतात. घोडीवर खोगीर, हा योग मौजेचा खरा!

तंबोऱ्याची घोडी घासून मिरजेचे कारागीर जवारी काढतात. गिटारचें खोगीर घासावयाचें नसतें, सरकवावयाचें असतें. तें कां, तें पाहूं. मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, व बारावा पडदा १७ इंचांवर. लांबी निम्मी झाली कीं कंपनें दुप्पट होतात. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते, ती तेथें ८२ वेळां पावली पाहिजे. परंतु पडद्यावर दाबतांना तार किंचित् ताणली जाते व स्वर चढतो. जाड तार ताठरही असते, म्हणून तिचा स्वर अधिकच चढतो. ह्याची भरपाई तारेची लांबी थोडी वाढवून करावी लागते. त्यामुळें नीट लाविलेल्या वाद्यांत खोगिरें एका ओळींत नसतात. जाड तारेचें सर्वांत मागें असतें. आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारींत चारही शिपायांसारखीं एका रांगेंत उभीं होतीं. कोणीतरी नीटनेटकेपणासाठींच तशीं केलीं असावीं!

तारा जुन्या असतील तर प्रथम बदलाव्या. दांडीचा बाक व तारांची उंची आधीं ठरवावी, कारण उंची बदलली कीं दाबतांना पडणारा ताणही बदलतो. बाराव्या पडद्यापासून तार दोन-अडीच मिलिमीटर वर असावी. उंचीचे स्क्रू बहुधा लहान षट्कोनी पान्यानें फिरतात. मग वाद्य नेहमींप्रमाणें मांडीवर घेऊन मोकळी तार सुरांत लावावी, बाराव्या पडद्यावर नेहमींच्याच जोरानें दाबून छेडावी व स्वरमापकाकडे पहावें. स्वर चढा आला तर खोगीर दांडीपासून मागें न्यावें, उतरता आला तर दांडीकडे आणावें. मागें नेण्यापूर्वीं तार सैल करावी, नाहींतर स्क्रूची खाच खराब होते. प्रत्येक वेळीं मोकळी तार पुन्हां सुरांत लावून मगच तपासावें. घाईंत ही पायरी आम्हीच दोनदां विसरलों.

जाड तारेचें खोगीर सुमारें पाव इंच मागें गेलें. दुसऱ्या दिवशीं तालमींत तो मुलगा उंच स्वरांकडे हात नेण्यास प्रथम कचरला. मग त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, व तोच भाग पुन्हां वाजविला.