वाचन चालू असतानाचे बोलणे : कादंबरी, वाचक आणि नेवासे परिसर

कादंबरीचा विचार करताना आपण सहसा दोन टोकांवरून बोलतो. एका टोकाला लेखक आणि त्याची निर्मितिप्रक्रिया, दुसऱ्या टोकाला पूर्ण झालेली संहिता व तिचे मूल्यमापन. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते : कादंबरी अर्धी वाचून झाली आहे, खूण घालून ती मिटली आहे आणि वाचक दुसऱ्या वाचकाशी तिच्याविषयी बोलतो आहे. ‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाने सुरू होणाऱ्या या बोलण्याला आपल्या समीक्षेत स्थान नाही. गप्पा म्हणून ते सोडून दिले जाते. या बोलण्याचे स्वरूप तपासणे आणि कादंबरीच्या अभ्यासात त्याचा साधन म्हणून कितपत उपयोग होतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित उद्देश आहे. विवेचनासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सोनई व तिच्याभोवतीचा नेवासे तालुका हा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे.

१. परंपरा

अपुऱ्या वाचनावर बोलणे ही मराठी समाजाला नवी गोष्ट नाही. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या प्रदेशात ग्रंथ एकट्याने, मनात वाचण्याची रीत फार उशिरा आली. गावात पोथी लावली जाते, तेव्हा एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि आजचा अध्याय संपल्यावर उद्याच्या अध्यायाची वाट पाहत श्रोत्यांनी घरी जावे, असा तो व्यवहार असतो. जाता जाता जे बोलणे होते, तो त्या ग्रहणाचाच भाग होय.

मुद्रित कादंबरीने ही रीत एकदम मोडली असे नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपुढे आली. पुढचे प्रकरण अजून छापलेलेच नाही, या स्थितीत सर्व वाचक समान पातळीवर असतात. शेवट कोणालाच ठाऊक नसतो. यमुनेचे पुढे काय होणार, या प्रश्नाला त्या काळी जे वजन होते, ते पुस्तकरूपात कादंबरी हाती घेणाऱ्या आजच्या अभ्यासकाला सहज जाणवत नाही.

२. या बोलण्याची अंगे

वोल्फगांग इझर यांनी वाचनक्रियेचे विश्लेषण करताना वाचकाच्या ‘भटकत्या दृष्टिबिंदू’ची कल्पना मांडली. वाचक संहितेच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे पाहत नाही. तो तिच्यातून चालत असतो. प्रत्येक टप्प्यावर तो पुढचे अपेक्षितो आणि मागचे नव्याने लावतो. इझर यांचा वाचक मात्र एकटा आहे. आपल्याकडील वाचक पुष्कळदा बोलका आहे, म्हणून त्याच्या अपेक्षा ऐकू येतात.

या बोलण्यात चार अंगे दिसतात : पुढील घटनांविषयी अंदाज बांधणे, पात्रांची बाजू घेणे, स्वतःच्या अनुभवाशी पडताळा पाहणे आणि पात्रांमागील ‘खरी’ माणसे ओळखू पाहणे. कादंबरीच्या प्रकारानुसार यांचे प्रमाण बदलते. १९९७ मध्ये अहमदनगर येथे भरलेल्या सत्तराव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ वाचणाऱ्याला बाजीरावाचा शेवट आधीच माहीत असतो. तेथे अंदाज ‘काय होणार’ याचा नसून ‘लेखक ते कसे दाखवणार’ याचा असतो. म्हणजे सामान्य मानलेला वाचकही नकळत रचनेविषयीच बोलत असतो. याच जिल्ह्यातील रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’च्या (१९९४) बाबतीत चौथे अंग बळावण्याचा संभव अधिक. साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि निवडणुका हे ज्याचे रोजचे जग आहे, त्याला ‘हा कोण?’ असे विचारण्याचा मोह आवरत नाही.

३. भूमी आणि भूमिका

पडताळ्याचे अंग सर्वांत महत्त्वाचे आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांच्या विस्थापनाची कादंबरी आहे. नेवासे तालुक्याची स्थिती या संदर्भात विलक्षण आहे. मुळा धरणाच्या कालव्याने तालुक्यातील शेती भिजली, ऊस वाढला आणि सोनईला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उलट १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाखाली याच तालुक्यातील जमिनी व गावे गेली. एकाच तालुक्यात लाभक्षेत्र आणि बुडीतक्षेत्र शेजारी नांदतात. पुनर्वसनासाठी लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची जमीन घेण्याची कायद्यात तरतूद असल्याने हे शेजारपण केवळ भौगोलिक राहत नाही.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर दोन्हीकडचे वाचक ‘कादंबरी हृदयद्रावक आहे’ असे म्हणतील आणि ते मत एकसारखे दिसेल. परंतु वाचन चालू असताना कोणता वाचक कोठे थांबतो, कोठे पुस्तक मिटून वाद घालतो, कोणाची बाजू घेताना अडखळतो, यात त्याची भूमी बोलते. पूर्ण झालेले मत हा भेद झाकते. मधले बोलणे तो उघड करते. याऊस यांची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना आपण परीक्षेपुरती शिकवतो. ती येथे शब्दशः पायाखालच्या जमिनीला जाऊन भिडते.

४. आक्षेप आणि साधनाचा प्रश्न

असे बोलणे पात्रांना जिवंत माणसे समजते, सबब ते वाङ्मयबाह्य आहे, असा आक्षेप घेता येईल. ‘ताम्रपट’च्या संदर्भात तो काही अंशी खराही आहे. ओळख पटवण्याच्या नादात कादंबरीची व्यामिश्रता हरवते. तथापि आक्षेपकाने हेही लक्षात घ्यावे की शेवट माहीत असलेला समीक्षक मधले सगळे अंदाज पुसून लिहितो आणि अर्थ जणू आरंभापासून स्पष्टच होता असा आभास निर्माण करतो. ही चूकही तितकीच वाङ्मयबाह्य आहे.

अडचण साधनांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नंतर गावोगाव वाचनालये वाढली. त्यांच्या देवघेव नोंदवहीतून कोणते पुस्तक केव्हा घरी गेले ते कळते. त्याविषयी काय बोलले गेले ते कळत नाही. अलीकडे हे बोलणे भ्रमणध्वनीवरील गटांतूनही होत असल्याने प्रथमच ते लिखित व दिनांकित स्वरूपात उरते आहे. बोलणाऱ्यांची संमती घेऊन आणि नावे वगळून त्याचा अभ्यास होऊ शकेल.

५. निष्कर्ष

अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. नेमलेली कादंबरी विद्यार्थी पुष्कळदा मार्गदर्शिकेतून ओळखतो. त्याला कथानक, शेवट आणि ‘गुणदोष’ आधीच मिळालेले असतात. त्याच्या वाट्याला वाचनाची मधली अवस्था येतच नाही. यावर साधा उपाय करता येईल. कादंबरीचे तीन टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याने आपला अंदाज व आपली बाजू लिहून ठेवावी, ती नंतर दुरुस्त करू नये, आणि अखेरीस त्या नोंदींवरच चर्चा व्हावी. चुकलेला अंदाज हा येथे दोष नसून पुरावा ठरतो : कादंबरीने वाचकाला कोठे वळवले आणि वाचक का वळला, हे त्यातून कळते. समीक्षेचा आरंभ तेथूनच होतो.