विकत आणलेले मत्स्यबीज : ओळख व निगा

कटला, रोहू व मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यामुळे शेततळ्यासाठी बीज विकत आणावे लागते. पूर्वी ते पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करीत व त्यात मांसाहारी माशांची पिल्लेही येत. 1957 साली हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून केंद्रावर बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला. तरीही भेसळ होते. ती दुर्लक्षिली, तर वर्षाचा खर्च वाया जातो.

ओळख : बोटुकली उथळ, पांढऱ्या भांड्यात घेऊन पाहावी. कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले असते व त्यास मिशा नसतात. रोहूचे डोके लहान असून ओठांना झालर असते. मृगळाचे अंग सडपातळ, तोंड रुंद व ओठ पातळ असतात. लांबट, चपट्या डोक्याचे मरळ अथवा लांब मिशांचे व खवले नसलेले मासे आढळल्यास ते वेचून काढावेत. ते इतर पिल्ले खातात.

निवड : बीज चपळ असावे. अंगावर जखमा, लाल डाग किंवा कापसासारखी बुरशी नसावी. भांड्यातील पाणी हाताने गोल फिरविल्यास निरोगी पिल्ले प्रवाहाच्या उलट पोहतात, अशक्त पिल्ले वाहत मध्यभागी जमतात.

सोडणे : बीज सकाळी वा सायंकाळी सोडावे. प्राणवायू भरलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवावी. नंतर तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घालावे, आणि पिशवी तिरपी करून पिल्लांना आपण होऊन बाहेर पडू द्यावे. ओतू नये, पाण्याच्या तपमानातील एकाएकी फरकाने निरोगी बीजही मरते. शक्य तर मोजकी पिल्ले बारीक जाळीच्या पिंजऱ्यात एक दिवस ठेवावीत, म्हणजे मरतुकीचा अंदाज येतो.

निगा : साधारण निगेच्या तळ्यात गुंठ्यास सुमारे 50 बोटुकली, कटला, रोहू व मृगळ 4:3:3 या प्रमाणात, सोडावीत. दुसऱ्या दिवसापासून भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग द्यावा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजून खाद्य थांबवावे व ताजे पाणी घालावे.

ग्रामसेवकांनी बीज सोडतेवेळी स्वतः तळ्यावर उपस्थित राहावे. त्या एका तासाची दक्षता शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न राखते.