शालेय धनुर्विद्या : बाण विकत घ्यावा की गावात करावा?

शाळेत धनुर्विद्येचा वर्ग सुरू करावयाचे ठरले म्हणजे सर्वांचे लक्ष प्रथम धनुष्याकडे जाते. दरपत्रके मागविली जातात ती धनुष्यांची. बाणांचा उल्लेख ‘एक डझन’ एवढाच असतो. वस्तुतः क्रम उलटा हवा. एका धनुष्यावर चार मुले आळीपाळीने शिकू शकतात, पण बाण हरवतात, मोडतात, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचा बाण लागतो. साधे धनुष्य व एकसारखे बाण यांनी नेम साधता येतो. उंची धनुष्य आणि बेमेळ बाण यांनी तो कधीच साधत नाही.

चंद्रपूर व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. भामरागड, एटापल्ली या भागांतील माडिया गोंड समाजास धनुष्यबाण पूर्वापार परिचित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीस मनाई झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर बाण करण्याचे निमित्तही उरले नाही. काडी निवडणे, ती निखाऱ्यावर सरळ करणे ही विद्या वडीलधाऱ्यांच्या हातात राहिली. शाळेने बाण कोठून आणावा, हा निर्णय म्हणूनच केवळ खरेदीचा राहत नाही.

बाणाचा ताठपणा

सुटलेला बाण सरळ जातो असे आपणांस दिसते; प्रत्यक्षात तो वाकतो. दोरीचा धक्का मागून बसताच काडी क्षणभर कमानीसारखी होते, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालते आणि लवलवत पुढे जाऊन स्थिर होते. हा वाक धनुष्याच्या ओढीशी जुळला पाहिजे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असल्यास डावीकडे, फार लवचिक असल्यास उजवीकडे जातो. मुलगा बिचारा आपला नेम चुकला असे समजून हात बदलत राहतो, आणि दोष काडीचा असतो!

ताठपणा मोजणे शाळेत सहज शक्य आहे. दोन आधार परस्परांपासून २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर ठेवावेत. त्यांवर पिसे व टोक न लावलेली काडी आडवी टाकून मध्यभागी दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम वजन टांगावे. बाटलीत पाणी भरून, बाटलीसह तेवढे वजन करून घेतले तरी काम भागते. काडी किती मिलिमीटर खाली आली ते पट्टीने पाहावे आणि ६६० या संख्येस त्याने भागावे. उत्तर येईल तितक्या पौंड ओढीच्या धनुष्यास ती काडी साधारणपणे योग्य होय. २६ मिलिमीटर वाक आल्यास सुमारे २५ पौंड. लाकडी बाणांसाठी रूढ असलेली ही रीत बांबूसही लागू पडते. कार्बनच्या बाणांवरील आकडे मात्र निराळ्या मोजणीचे असतात. तेथे आधारांतील अंतर २८ इंच व वजन ८८० ग्रॅम असते. ‘५००’ या आकड्याचा अर्थ काडी अर्धा इंच वाकली असा आहे. आकडा जितका मोठा तितका बाण लवचिक, हे खरेदी करणाऱ्या कार्यालयाने ध्यानी ठेवावे.

वाढत्या वयाचा हिशेब

मापानुसार करवून घेतलेला बाण विकत मिळतो, व तो उत्तम असतो. परंतु तो ज्याच्या मापाचा असतो तो बारा वर्षांचा मुलगा वर्षभरात वाढतो. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांपासून टोकांपर्यंतचे अंतर घ्यावे व त्यास अडीचने भागावे. मुलाची ओढ किती लांबीची हे अंदाजे कळते. दीडशे सेंटिमीटरच्या मुलाची ओढ साठ सेंटिमीटर. नवशिक्यास यापेक्षा निदान पाच-सात सेंटिमीटर लांब बाण द्यावा. कारण बाण आखूड पडला तर पूर्ण ओढीत त्याचे टोक टेकणीच्या मागे घसरते, आणि त्या स्थितीत तो सुटल्यास धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. गतवर्षीचे बाण यंदाच्या मुलांना तसेच देणे म्हणूनच धोक्याचे आहे. वर्षाच्या आरंभी प्रत्येकाची लांबी पुन्हा मोजलीच पाहिजे.

शिकणाऱ्या वर्गासाठी गावात केलेला बांबूचा बाण अधिक सोयीचा, असे माझे मत आहे, ते मुख्यतः या कारणामुळे. मूल वाढले की नवी काडी करता येते, जुनी धाकट्यास देता येते, पीस गेले तर त्याच दिवशी बसविता येते. दूरच्या शहरातून मागविलेल्या बाणाची एक खाच तुटली तर तो कपाटात पडून राहतो.

मात्र गावात केला म्हणजे कसाही केला, असे चालणार नाही. बांबू तीन वर्षांचा तरी पक्व असावा आणि पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा; कोवळ्या व रसाळ बांबूस भुंगा लवकर लागतो. तो सावलीत सावकाश वाळवावा. काडी मंद निखाऱ्यावर फिरवून, गरम असतानाच हाताने सरळ करावी लागते. हे काम वाचून येत नाही. गावातील जाणत्या गृहस्थांना शाळेत सन्मानाने बोलवावे आणि मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. निमुळती बाजू मागे ठेवावी. दोरीची खाच पेराच्या लगत पाडून तिच्याखाली दोरा घट्ट गुंडाळल्यास काडी चिरत नाही. तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातील हवीत, कारण डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. बदक किंवा कोंबडा यांची पिसे वापरावीत, वन्य पक्ष्यांची नव्हे. टोकास पात्याची अणी न लावता लोहाराकडून गोलसर टोपी करवून घ्यावी.

वीस काड्या केल्या तर त्यांतून ताठपणा व वजन जुळणाऱ्या सहा निघाल्या तरी समाधान मानावे. एका मुलाच्या संचात एका ग्रॅमहून अधिक फरक नसावा. उरलेल्या काड्या टाकाऊ नव्हेत. त्या दुसऱ्या ओढीच्या धनुष्यास जुळतील. बाण बांबूचा असो वा कार्बनचा, प्रत्येक सरावापूर्वी तो हलकेच वाकवून, कानाजवळ धरून तपासावा. करकर ऐकू आल्यास किंवा बारीकशी चीर दिसल्यास तो तत्काळ मोडून टाकावा. बाजूस ठेवलेला बाण कोणीतरी पुन्हा उचलतो.

खरेदी केव्हा योग्य

राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत रिकर्व्ह किंवा कंपाउंड प्रकारात उतरणाऱ्या विद्यार्थ्यास बांबूचा बाण देणे हा त्याच्यावर अन्याय होईल. २०२३ साली बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविणारे नागपूरचे ओजस देवतळे व साताऱ्याच्या अदिती स्वामी हे दोघेही कंपाउंड प्रकारातील खेळाडू आहेत. तेथे कारखान्यात अचूक मापाने केलेल्या बाणाला पर्याय नाही. अशा खेळाडूसाठी मागणीपत्रात लांबी, ताठपणा, टोकाचे वजन व धनुष्याची ओढ यांचा स्पष्ट उल्लेख करावा. नुसत्या सर्वांत कमी दरावर बाण घेऊ नयेत. ‘इंडियन राउंड’ हा बांबू वा लाकडाच्या साहित्याचा प्रकार आपल्या मुलांना जवळचा आहे. त्या त्या वर्षीची नियमावली पाहून त्यात प्रवेश घ्यावा.

भूतानचे उदाहरण येथे बोलके आहे. धनुर्विद्या हा त्या देशाचा राष्ट्रीय खेळ. कंपाउंड धनुष्ये परदेशातून आल्यावर तेथील अनेक खेळाडू तिकडे वळले, परंतु पारंपरिक बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धाही स्वतंत्रपणे चालू राहिल्या.

कच्च्या मालाची अडचण आपल्याकडे पूर्वीइतकी नाही. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये बांबूची गणना गौण वनोपजात झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जेथे असे हक्क मान्य झाले आहेत तेथे शाळेस लागणाऱ्या चार-दोन बांबूंचा ठराव ग्रामसभा करू शकते. इतरत्र बुरूड कारागिरांकडून बांबू विकत घ्यावा. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१४ मध्ये स्थापन झाले. बांबूवरील प्रक्रियेविषयी शिक्षकांनी तेथे विचारणा करावी.

एक सूचना मुख्याध्यापकांसाठी. वन्यजीव अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेत धनुष्यबाणाचा समावेश आहे, आणि कलम ३१ अन्वये लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. चपराळा, भामरागड किंवा ताडोबा परिसरातील शाळेचा चमू स्पर्धेस जाताना संरक्षित क्षेत्रातून जाणार असेल, तर वनाधिकाऱ्यांचे पत्र आधीच मिळवावे व ते साहित्याच्या पेटीतच ठेवावे.