कुणाच्या कामी आलं?

पुण्यात पेशीजीवशास्त्राची प्रयोगशाळा चालवायची म्हणजे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो: पेपर किती, साइटेशन किती, एच-इंडेक्स किती. या आकड्यांकडे किती लक्ष द्यायचं आणि कुठे कानाडोळा करायचा, हे कामातूनच उमजलं. नव्यानं प्रयोगशाळा थाटणाऱ्यांसाठी त्यातलं थोडं.

१. साइटेशनवरून उपयोग कळतो, थोरवी नाही.
विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर १९५१चा, ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा. नमुन्यात प्रथिनं किती आहेत, हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची रीत त्यात आहे. साइटेशन तीन लाखांच्या वर! त्यात कुठला महान सिद्धांत नाही आणि खुद्द लॉरीही त्याला फार मोठं काम मानत नव्हते. पण प्रथिनं मोजायची वेळ ज्याच्यावर आली, त्याची नड या पेपरनं भागवली.

२. कृती लिहिताना हात आखडता घेऊ नका.
आमच्याकडच्या बऱ्याच पेशी एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून येतात. नवा विद्यार्थी आला की मी आधी फ्लास्कवर लिहायला शिकवते: पेशींचं नाव, कितवा पॅसेज, तारीख, सीरमचा बॅच. सीरमचा बॅच बदलला तरी पेशींच्या वाढीचा वेग बदलू शकतो. पेपरमध्ये मात्र लोक ‘नेहमीच्या पद्धतीनं वाढवल्या’ एवढ्यावर भागवतात. ज्या पेपरवरून दुसऱ्याला प्रयोग उभा करता येत नाही, त्याचा प्रभाव कागदावरच राहतो.

३. मागेल त्याला द्या, आणि देणाऱ्याचं नाव घ्या.
डग्लस प्रॅशर यांनी अमेरिकेतल्या वुड्स होलमध्ये जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. निधी आटला, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. आज जिवंत पेशीतलं प्रथिन कुठे जातं ते डोळ्यांनी दिसतं, ते या हिरव्या उजेडामुळे. २००८चं नोबेल हे प्रथिन मुळात शोधणारे शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर तेव्हा अलाबामात गाडी चालवून पोट भरत होते. पुरस्काराच्या यादीत नाव नसलं, तरी प्रभाव त्यांचाही आहेच.

४. जर्नलच्या नावावरून पेपर जोखू नका.
योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. काही तासांतच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रिक्तिकेत बारीक गोळे जमून थरथरताना दिसले: पेशी स्वतःचेच भाग तिथे नेऊन टाकत होती. ही प्रक्रिया ज्यांच्यात बिघडली आहे अशा यीस्टच्या वाणांचा त्यांचा पेपर १९९३ मध्ये ‘फेब्स लेटर्स’ या फारसा डामडौल नसलेल्या जर्नलमध्ये आला. नोबेल २०१६ मध्ये! जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर त्याच्या मागच्या दोनच वर्षांच्या पेपरांना मिळालेल्या साइटेशनची सरासरी सांगतो. त्यातही मूठभर पेपर बाकीच्यांना वर ओढतात. त्यावरून माणसं तोलू नयेत, असं सांगणारा ‘डोरा’ जाहीरनामा पेशीजीवशास्त्रज्ञांच्याच २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात आकाराला आला.

५. एच-इंडेक्स बघा, पण वय आणि क्षेत्र विचारूनच.
होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये तो मांडला. वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस साइटेशन असतील तर एच-इंडेक्स वीस. दोनच पेपर असतील आणि दोन्ही हजारोंनी उद्धृत झाले असतील, तरी तो दोनच! शिवाय तो कधी घटत नाही. काम थांबलं तरी वाढत राहू शकतो. म्हणून निवड समितीवर असले की मी उमेदवाराला विचारते, ‘तुमचं कुठलं काम आज दुसऱ्या कुणाच्या प्रयोगात वापरलं जातंय?’ पेशी असो, अँटीबॉडी असो, एखादी युक्ती असो, काहीही चालेल. नवख्याला विचारते, ‘कोण वापरेल, आणि का?’ ज्याला हे नेमकं सांगता येतं, त्याचा पेपर मी मुळापासून वाचते. आकडे त्यानंतर.