बर्फ, मीठ आणि मोटार

आपल्याकडे हिवाळा हा प्रवासाचा हंगाम. पावसाने उखडलेले रस्ते डागडुजी होऊन सुधारलेले असतात, हवा कोरडी असते आणि इंजिनही तापत नाही. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागात मात्र नेमके उलटे असते. तेथील हौशी मालक आपली आवडती स्पोर्ट्स मोटार थंडीभर गॅरेजात झाकून ठेवतो. परंतु घर बदलले किंवा गाडी विकली, तर ऐन जानेवारीतही ती दूर न्यावी लागते. भूगोल हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे हा प्रश्न मला यंत्रापेक्षा हवामानाचा अधिक वाटतो. प्रस्तुत लेखात एक गाडी आणि एक मार्ग डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार करू.

गाडी घेऊ १९५३ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट. त्या पहिल्या वर्षी मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी अशा फक्त ३०० गाड्या तयार झाल्या, आणि त्या सर्व पांढऱ्या रंगाच्या होत्या. तिचे अंग फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतूंचे आहे. ते गंजत नाही. त्यामुळे अशा गाडीला मिठाचे कसले भय, असे कोणासही वाटेल. पण ज्या सांगाड्यावर हे अंग बसवलेले आहे तो पोलादाचा आहे. स्प्रिंगा आणि बोल्टही पोलादाचेच. वरून गाडी पांढरीशुभ्र दिसते आणि खालून ती पोखरली जाते.

मार्ग घेऊ फ्लिंटपासून फ्लोरिडातील टँपापर्यंतचा. इंटरस्टेट ७५ हा एकच महामार्ग डेट्रॉइट, टोलेडो, सिनसिनाटी, नॉक्सव्हिल, अटलांटा अशी शहरे जोडत थेट टँपाजवळ पोहोचतो. अंतर सुमारे २,००० किलोमीटर. जानेवारीत फ्लिंटचे सरासरी तापमान शून्याखाली असते, तर टँपाचे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे दोन-तीन दिवसांत गाडी एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जाते. या प्रवासाची सारी अडचण या एका वाक्यात आहे.

आता मिठाकडे वळू. पाण्यात मीठ विरघळले की त्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे आपण शाळेत शिकलो. संपृक्त अवस्थेजवळचे खारे पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. रस्त्यावर मात्र उणे ९-१० अंशांखाली मिठाचा प्रभाव फारच मंदावतो. न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग झाले आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. डेट्रॉइट शहराच्या पोटातच सुमारे ३५० मीटर खोलीवर मिठाची खाण आहे. रस्त्यावरचे हे खारे पाणी चाकांनी उडते आणि गाडीच्या खालच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसते.

म्हणून पहिला नियम असा, की गाडी चालवत न्यायची नाही. ती बंदिस्त ट्रकमधून न्यावी. उघड्या ट्रकवर आठ-नऊ गाड्या मावतात, म्हणून भाडे कमी पडते. पण खारे शिंतोडे आणि खडे सर्व गाड्यांना लागतात. बंदिस्त ट्रकमध्ये थोड्याच गाड्या बसतात, म्हणून तो महाग पडतो. स्पोर्ट्स मोटारीचे नाक जमिनीलगत असल्यामुळे उतरत्या फळीवर ते घासते. म्हणून गाडी सपाट ठेवून वर उचलणारा ट्रक निवडावा. आत ती बांधताना पट्टे चाकांवरून घ्यावेत, म्हणजे सांगाड्यावर आणि रंगावर ताण येत नाही.

निघण्यापूर्वीची तयारीही थंडीच ठरवते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते गोठून प्रसरण पावते आणि इंजिनला तडा जाऊ शकतो. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असल्यास ते मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकते. पूर्ण भरलेली बॅटरी कडक थंडी सोसते. उतरलेली बॅटरी मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते. नव्या धाटणीच्या गाडीला उन्हाळी टायर असतील, तर उणे ७ अंशांखाली त्यांचे रबर काचेसारखे कडक होऊन तडकू शकते; अशा वेळी गाडी जागची हलवूही नये. गाडी धुऊन, उजेडात छायाचित्रे घेऊन, जुना प्रत्येक ओरखडा बिल्टीवर नोंदवावा. मळलेल्या गाडीवरचा ओरखडा कोणाचा, हे पुढे ठरवता येत नाही.

घाईही करू नये. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ट्रकचालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तासच गाडी चालवता येते. केंटकी आणि टेनेसी यांच्या सीमेवर जेलिको येथे हा महामार्ग डोंगरातून जातो. तेथे बर्फवृष्टी होत असेल तर एक दिवस थांबणे शहाणपणाचे.

गाडी टँपाला पोहोचली की मालक निश्चिंत होतो. माझ्या मते खरा धोका येथेच सुरू होतो. गंजणे ही रासायनिक क्रिया आहे आणि थंडीत ती मंद असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच ओलावा शोषून पाझरू लागते. आपल्या कोकणात समुद्राकाठच्या खिडक्यांचे गज कसे झिजतात, ते आठवावे. फ्लिंटच्या गल्लीतून ट्रकपर्यंत जाताना चिकटलेले चिमूटभर मीठ तेथे जवळजवळ झोपलेले असते. फ्लोरिडाच्या दमट, उबदार हवेत ते जागे होते. शिवाय थंडगार धातूवर दमट हवेतील दव जमते, ते वेगळेच. म्हणून पोहोचताच गाडी झाकून ठेवू नये. तिला बाहेरच्या हवेइतकी ऊब येऊ द्यावी, खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच तिच्यावर आच्छादन घालावे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गंजलेला सांगाडा बदलता येतो, हे खरे. पण नव्या सांगाड्यावर बसवलेली गाडी १९५३ साली फ्लिंटला जशी तयार झाली तशी उरत नाही, आणि तशा तीनशेच होत्या. त्यांपैकी एक सांभाळायची तर थंडीतला प्रवास संपल्यावर ऊब येते तेव्हाच अधिक जागे राहावे लागते.