दुरुस्तीनंतर स्टिअरिंग वाकडे का राहते?

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशिम रस्त्यावरचे गाव. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर असल्याने येथून मोटारी, जीप, टेम्पो यांची सतत ये-जा असते. अशा रस्त्यावरच्या गॅरेजला पाटीपेक्षा ड्रायव्हर लोकांच्या तोंडचा शब्द जास्त चालवतो. म्हणून आज आम्ही लहान वाटणाऱ्या, पण गिऱ्हाईक तोडणाऱ्या एका दोषाविषयी लिहीत आहोत. टाय रॉड एंड, रॅक किंवा सस्पेन्शनचे काम झाले, गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंग मात्र एका बाजूला कललेले राहते. त्याची दुरुस्ती कशी करावी?

आधी पारख

पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी आणि सपाट, सरळ रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळेही स्टिअरिंग किंचित कलते. म्हणून शक्यतो रस्त्याच्या मध्यभागाजवळचा सपाट भाग निवडावा. हात सैल सोडताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो दोष वेगळा. त्यात टायर, ब्रेक, कॅम्बर तपासावे लागतात. आणि काहीही काम न करता, खड्ड्यात आदळल्यावर स्टिअरिंग अचानक वाकडे झाले असेल, तर रॉड किंवा नकल वाकला आहे असे समजून आधी तो शोधावा. वाकलेला भाग तसाच ठेवून स्टिअरिंग सरळ करणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय.

चाक काढून बसवू नका

स्टिअरिंगचे चाक काढायचे आणि दोन दाते फिरवून पुन्हा बसवायचे, हा झटपट उपाय पुष्कळ ठिकाणी चालतो. चाक वर सरळ दिसते, पण रॅक मध्यावर नसतो. मग गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. दुरुस्तीत चाक किंवा कॉलम खरोखरच काढला असेल आणि खूण न धरता बसवला असेल, तरच हा उपाय योग्य.

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीत चाकाखाली तारेची नाजूक गुंडाळी असते. ती जादा फिरली तर तुटते. बॅटरी न सोडता आणि कंपनीची पद्धत न पाळता त्या चाकाला हात लावू नये.

मध्य शोधणे

पुढची चाके उचलून गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवर खाली शिरू नये. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत. समजा तीन फेरे झाले, तर टोकापासून दीड फेऱ्यावर रॅकचा मध्य आहे. तेथे चाक सरळ असेल तर दोष टाय रॉडच्या लांबीत आहे.

कोणता रॉड फिरवायचा?

येथेच खरी चूक होते. एकाच बाजूचा एंड बदलला असेल आणि जुन्या एंडचे आटे मोजले नसतील, तर दोष त्याच बाजूला आहे. तोच रॉड दुरुस्त केल्यास स्टिअरिंग आणि टो दोन्ही जागेवर येतात. अशा वेळी दोन्हीकडे फिरवले तर स्टिअरिंग सरळ होते, पण टो चुकलेलाच राहतो आणि गिऱ्हाइकाचे टायर झिजत जातात.

टो बरोबर असून फक्त स्टिअरिंग कललेले असेल, तर एक रॉड जितका लांबवाल तितकाच दुसरा आखडावा. रॅक धुऱ्याच्या मागे असेल, तर स्टिअरिंग ज्या बाजूला कलले त्या बाजूचा रॉड आखडावा आणि समोरचा लांबवावा. रॅक धुऱ्याच्या पुढे असेल तर नेमके उलट. एका वेळी पाव फेरा द्यावा, मग गाडी चालवून पाहावी. फिरवण्यापूर्वी खडूने खूण करावी आणि रबरी बूटची क्लिप सैल करावी, म्हणजे बूट पिळवटत नाही. शेवटी चेकनट घट्ट करावा आणि एंड पुरेसा आत आहे ना, हे पाहावे. येथे हयगय झाली तर प्रश्न टायरचा नव्हे, जिवाचा होतो.

अखंड पुढचा धुरा असलेल्या जुन्या जीपमध्ये टो टाय रॉडने आणि स्टिअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकने साधतात. दोन्हींची गल्लत करू नये.

टोची खात्री

अलाइनमेंटचे यंत्र जवळ नसेल तर टायरच्या मागच्या बाजूस, हबच्या उंचीवर, दोन्हीकडे खडूची खूण करून अंतर मोजावे. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा पुढच्या बाजूला, त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक म्हणजे टो. तो कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. हे कामचलाऊ माप आहे. नव्या गाड्यांना यंत्रावर न्यावेच लागते. काहींत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही नव्याने जुळवावा लागतो. तसे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

आमच्या कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे की, जुना एंड काढण्यापूर्वी आटे मोजून कागदावर लिहिण्याची सवय शागिर्दांना पहिल्या दिवसापासून लावावी. दोन मिनिटांच्या या कामाने अर्ध्या दिवसाची मेहनत वाचते आणि विश्वासाने सोपवलेली गाडी तशाच विश्वासाने परत जाते.